मास्तरीणबाईंची टकटक

मास्तरीणबाईंची वाचा गेली त्या सकाळी मी त्यांच्यासमोर बसून हसत होते. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी स्वतःची बाजू मांडत बसेन आणि तुम्हालाही ती पटेल. मला ती फार छान मांडता येते. आजवर सगळ्यांना पटली आहे.

मी तेव्हा वृद्धनिवासात कामाला होते. सकाळी सात ते दुपारी तीन. दुसऱ्या मजल्यावरच्या अकरा खोल्या माझ्याकडे. अंग पुसायचं, डायपर बदलायचे, कवळ्या घासायच्या, ज्याच्या त्याच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या तोंडात जातील हे बघायचं. अशा कामात माणूस एक तर चिडका होतो नाहीतर गातो. मी दोन्ही होते. सगळा मजला मला 'रेडिओ' म्हणायचा.

स्पॅनिशचा नाद एका गिटारवाल्यामुळे लागला. तो हॉटेलांत वाजवायचा, त्याला गायिका हवी होती. पाहुण्यांना स्पॅनिश गाणी फार आवडतात म्हणाला. "मला कुठे येतं स्पॅनिश?" मी विचारलं. "पाहुण्यांना तरी कुठे येतं?" तो म्हणाला. मग मी फोनवर गाणी ऐकून वहीत आपल्या अक्षरांत उतरवायला लागले. लादी पुसताना, चादरी पिळताना तेच. वर्षभरात पन्नासेक गाणी पाठ झाली, अर्थही शोधून काढले. 'तुझ्याशिवाय मी मरेन' हे मला सोळा प्रकारे म्हणता यायचं. 'बेडपॅन देऊ का' हे एकाही प्रकारे नाही.

मास्तरीणबाई सात नंबरच्या खोलीत राहायच्या. त्या आल्या त्याच आठवड्यात मी त्यांची चादर बदलत गुणगुणत होते, तर कुशीवर वळवलेल्या त्या म्हातारीनं मान न वळवता म्हटलं, "थांब."

मला वाटलं, कातडी ओढली गेली. "दुखलं का?"

"हो. कानाला. हा ट कुठून आणलास?"

"कुठला ट?"

"आत्ता तोंडातून दगडासारखा टाकलास तो. तुमच्या भाषेत त नाही?"

"आहे की. तवा, ताट, तोंड."

"मग? घरात चांगला त पडलेला असताना बाहेरून ट कशाला आणतेस?"

"गिटारवाला म्हणतो, ट म्हटलं की परदेशी वाटतं."

"त्याला सांग, तारा छेड. जिभेला हात लावू नको."

अशी आमची ओळख. स्पॅनिश ही त्यांची आईची भाषा. लग्न होऊन इकडे आल्या आणि एकतीस वर्षं एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काचेमागे बसल्या. इकडचे गायक स्पॅनिश गाणी रेकॉर्ड करायचे तेव्हा त्यांचे उच्चार तपासायचं त्यांचं काम. समोर एक बटण. चूक झाली की बटण दाबून म्हणायचं, "पुन्हा." बाकी काही नाही, नुसतं 'पुन्हा'. एकाच ओळीसाठी एका नावाजलेल्या गायकाला त्यांनी बेचाळीस वेळा थांबवलं होतं. तो रडला, मग शिव्या घातल्या, मग त्रेचाळिसाव्या वेळी बरोबर म्हणाला.

"एवढा छळ कशाला?" मी एकदा विचारलं. "ऐकणाऱ्यांना कळतं थोडंच."

"ज्याची आई त्या भाषेत बोलायची त्याला कळतं," त्या म्हणाल्या. "तो एकटा असला तरी माझं काम त्याच्यासाठी."

मग रोज सकाळी अंग पुसून झालं की आमची शिकवणी. मी माझ्या वेळेतली पंधरा मिनिटं चोरायची, म्हणजे आठ नंबरच्या आजोबांची. तेही आत्ताच सांगते. मास्तरीणबाईंची एकच अट असायची: आधी केस नीट विंचरायचे आणि गाऊनच्या गळ्याचं सगळ्यात वरचं बटण लावायचं. कॉलरला डाग असला तर गाऊन बदलायचा. त्या डागाळलेल्या कॉलरनं कुणासमोर बसत नसत, माझ्यासमोरसुद्धा. मग शिकवायच्या. स्वर पाचच, सूर लांबव पण स्वर वाकवू नको. शब्दाच्या शेवटचा स गिळू नको, तो काही पाहुणा नाही दारातून परत पाठवायला. र कुठे नुसता आणि कुठे जीभ थरथरवून. तो थरथरता र मला जमेना, म्हणून मी जिन्यात, मोरीत, बसस्टॉपवर 'र्रर्र' करत फिरायचे. ताई, माझी मोठी बहीण, जिच्याकडे मी राहते, ती म्हणाली, "छोटे, मोटार सुरू झाली असेल तर भांडी तरी घासून घे."

आणि आमचा एक खेळ होता. सगळं पुढचं त्याच्यामुळे झालं, म्हणून नीट सांगते. काचेमागे बसून मास्तरीणबाईंना प्रत्येक गायकाची खोड पाठ झाली होती. एक जण तोंडात गरम बटाटा असल्यासारखा गायचा. एक बाई प्रत्येक स खाऊन टाकायची. एकजण तीन पेले घेतल्याशिवाय माइकसमोर उभाच राहत नसे, त्याचे र आणि त एकमेकांच्या गळ्यात पडलेले असायचे. बाई या सगळ्यांच्या हुबेहूब नकला करायच्या. त्यांनी नक्कल करत एक ओळ म्हणायची, मी चुका पकडायच्या. जितक्या चुका मी सोडल्या तितक्या वेळा त्या जेवणाच्या ट्रेवर नखानं टकटक करायच्या. टकटक म्हणजे 'अजून आहे, नीट ऐक'.

नियम एकच. खेळ सुरू झाला हे त्या कधी सांगत नसत. "माइक सुरू आहे की बंद हे कळायच्या आत तोंड उघडलेलं असतं," त्या म्हणायच्या, "म्हणून कान कायम उघडे हवेत." आणि 'बाई, हा खेळ आहे का?' असं मी विचारलं तर मी हरले. मला हरायला आवडत नाही.

त्या दिवशी माझी ऑडिशन होती. एका मोठ्या हॉटेलात पूर्ण हंगामाचं काम, आठवड्यात पाच संध्याकाळी गायचं. ते मिळालं तर डायपर, कवळ्या, सगळ्यातून सुटका. वेळ दहाची. मी दोन आठवडे आधी अर्ज देऊन नऊला निघायची परवानगी घेतली होती. बाईंना माहीत होतं. त्यांनीच गाणं निवडलं होतं. त्यातली एक ओळ फार अवघड होती, 'लास लुसेस से अपागारोन, सिएर्रा ला पुएर्ता'. दिवे विझलेत, दार लाव. एवढाच अर्थ, पण त्या ओळीत स ही आहे, थरथरता र ही आहे आणि तो माझा त ही आहे. "ही ओळ स्वच्छ म्हटलीस तर तुला ते घेतील," आदल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या. "उद्या सकाळी शेवटचं ऐकीन."

मी आठ वीसला खोलीत गेले. घड्याळ पलंगासमोरच्या भिंतीवर आहे, त्यामुळे वेळ पक्की. त्या जाग्या होत्या, उशीला टेकून बसलेल्या. मी म्हटलं, "बाई, आधी तुम्ही म्हणून दाखवा, मग मी म्हणते."

त्यांनी तोंड उघडलं आणि ओळ म्हणाल्या. सगळे स गायब. र कुठल्या कुठे. शब्द एकमेकांवर घसरत होते.

मला हसूच फुटलं. ऑडिशनच्या दिवशीसुद्धा म्हातारी सोडत नाही म्हटलं. "तीन पेलेवाला!" मी ओरडले. "स चार खाल्ले, र एक, त एक. सहा!"

त्यांनी डाव्या हातानं ट्रेवर टकटक केलं.

"अजून आहेत? पुन्हा म्हणा."

त्या पुन्हा म्हणाल्या. आधीपेक्षा वाईट. आता त्यात शब्द असा काही उरलाच नव्हता.

"हा कोण? कवळी घरी विसरून आलेला?" मी पोट धरून हसत होते. "बाई, हा तुम्ही मला कधी दाखवलाच नव्हता!"

टकटक. टकटक. टकटक. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, वाट बघतायत, मी काय सोडलंय ते शोधते का म्हणून. मी स्वर मोजायला लागले. बोटांवर मोजत होते. माझ्या डोळ्यांदेखत एका बाईची जीभ लुळी पडत होती आणि मी तिला गुण देत होते.

इथवरची गोष्ट मी सगळ्यांना सांगितली आहे. इथवर मला कुणी दोष देत नाही. ताई म्हणाली, "अगं, तू काय डॉक्टर आहेस? कुणालाही तसंच वाटलं असतं." आमच्या मजल्यावरच्या सिस्टरही तेच म्हणाल्या. आता पुढचं.

मी त्यांना चहाचा कप दिला. त्यांनी उजवा हात उचलला नाही, म्हणून मी कप ओठाला लावला. अर्धा घोट आत गेला आणि उरलेला तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर आला, हनुवटीवरून गळ्यावर, तिथून कॉलरवर. पांढऱ्या कॉलरवर चहाचा भला मोठा डाग. आणि त्यांनी तो पुसला नाही. पुसायला सांगितलंही नाही.

तेव्हा मला कळलं. भिंतीवर आठ पंचेचाळीस झाले होते.

'वाटलं' नाही, 'शंका आली' नाही. कळलं. आम्हाला अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण दिलेलं होतं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, ताबडतोब बेल. चहाच्या ओट्यावर त्याचं चित्र लावलेलं आहे, मी रोज सात वेळा त्याच्यासमोर उभी राहायचे. बेल पलंगाच्या कडेला होती, माझ्या हातापासून वीतभर. आणि आमच्या निवासाचा नियम असा की, ज्याला पेशंट तसा सापडेल त्यानं अँब्युलन्समधून सोबत जायचं, नातेवाईक येईपर्यंत थांबायचं, मग फॉर्म भरायचा. त्यांची मुलगी दुसऱ्या गावाला. म्हणजे संध्याकाळ.

मी बेलकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. मग रुमाल ओला करून त्यांची हनुवटी पुसली. उशी सारखी केली. गाऊन बदलायला वेळ नव्हता, म्हणून कॉलरवर नॅपकीन पसरला, डाग झाकला. म्हटलं, "दमलात तुम्ही. जरा पडा. मी आल्यावर सांगते काय झालं ते."

त्यांचा डावा हात ट्रेवर होता. टकटक सुरूच होती. मी ट्रे उचलून बाजूला ठेवला.

जिन्यापाशी सिस्टर भेटल्या. "निघालीस रेडिओ? सात नंबर काय म्हणतेय?"

"झोपल्यात," मी म्हटलं. "रात्री झोप नव्हती म्हणाल्या. उठवू नका."

हे का म्हणाले? मला स्वतःलाही त्याचं बरंसं उत्तर सापडलेलं नाही, वाईट आहे ते सांगते. दहा मिनिटांत कुणी खोलीत गेलं असतं तर मला जिन्यातूनच परत बोलावलं असतं. मला ते नको होतं. बसमध्ये मी स्वतःला समजावत होते: आठ नंबरचे आजोबाही सकाळी बरळतात. म्हातारपणी होतं असं. दहाच्या फेरीला सिस्टर बघतीलच. पण 'उठवू नका' हे मीच सांगून आले होते.

मी गायले. तशी आयुष्यात कधी गायले नव्हते. तो थरथरता र असा लागला की समोर बसलेल्या तिघांपैकी टक्कलवाल्या मॅनेजरनं पेन खाली ठेवलं. "उच्चार कुठे शिकलात?" त्यानं विचारलं. "माझी आजी हीच भाषा बोलायची. इतका स्वच्छ स मी इथे कुणाच्या तोंडून ऐकला नाही."

मास्तरीणबाईंचं काम ज्या एकट्या माणसासाठी होतं तो माझ्यासमोर बसला होता. मी म्हटलं, "एक बाई आहेत, त्यांच्याकडे." आणि माझा आवाज जराही कापला नाही.

बारा चाळीसला फोन आला. सिस्टरचा. "रेडिओ, तू निघालीस तेव्हा मास्तरीणबाई बऱ्या होत्या ना? आत्ता जेवण घेऊन गेले तर... आम्ही इस्पितळात नेतोय."

"हो," मी म्हटलं. "बऱ्या होत्या."

मी टॅक्सी करून गेले. एक वीसला इस्पितळाच्या दारात होते. तरुण डॉक्टर घाईघाईनं बाहेर आला. "नऊपर्यंत ठीक होत्या, हे तुम्हीच सांगितलंत ना? नीट आठवून सांगा. गुठळी विरघळवायचं औषध आहे. सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांत देता येतं. नऊ धरलं तर अजून दहा मिनिटं आहेत. त्याच्या आधी सुरू झालं असेल तर देता येणार नाही, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. सांगा."

मला कळत होतं की खोटं बोलले तर मी वाचेन आणि त्या कदाचित मरतील. खरं बोलले तर त्यांना ते औषध मिळणार नाही. आठ पंचेचाळीसला बेल दाबली असती तर दोन्हींतलं काहीच बोलावं लागलं नसतं.

"आठ वीसला," मी म्हटलं. "आठ वीसलाच जीभ जड होती. आमचा एक खेळ असतो नकलांचा. मला वाटलं खेळतायत."

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाला आणि आत गेला. औषध दिलं नाही. माझ्या खोटेपणाला त्या दिवशी शाबासकी मिळाली ती अशी, खरं बोलल्याबद्दल.

त्या वाचल्या. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, डोळ्यांत दिसतं. पण तोंडातून एकच आवाज निघतो, 'ओ' आणि 'अ'च्या मधला कुठलातरी. पाच स्वच्छ स्वर शिकवणाऱ्या बाईकडे सहावा उरला, कुठल्याच भाषेत नसलेला.

त्यांची मुलगी आली. माझ्याच वयाची, सरळ, दमलेली. कॉरिडॉरमध्ये तिनं माझे हात धरले. "तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. आईचा तो खेळ मला माहीत आहे, लहानपणी मलाही छळायची. मीही हसलेच असते." सिस्टर बाजूला उभ्या होत्या, त्यांचे डोळे सुजलेले. "चुकलं माझंच. दहाच्या फेरीला डोकावले होते, पाठमोरी दिसली, झोपलीय म्हटलं आणि पुढे गेले."

"तुमचा काय दोष, सिस्टर," मी म्हटलं. हे वाक्य मी म्हटलं. शब्द न् शब्द स्वच्छ.

हॉटेलचं काम मला मिळालं. मी ते घेतलं. त्याग वगैरे केल्याचं नाटक मी करणार नाही. आठवड्यात पाच संध्याकाळी मी निळा ड्रेस घालून गाते आणि दिवे विझलेत, दार लाव, ही ओळ आली की लोक काटे-चमचे खाली ठेवतात. गिटारवाला म्हणतो, "त्या ओळीला तुझ्या आवाजात काय दर्द येतो गं!" मी त्याला सांगत नाही की त्या ओळीला मला नॅपकीन दिसतो.

पहिल्या महिन्यानंतर मुलीचाच फोन आला. बाईंना पुन्हा निवासात आणलं होतं, त्याच खोलीत. वाचा परत आणायला एक तज्ज्ञ बाई येत होत्या. त्यांनी सांगितलं होतं, बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शिल्लक असतं, सुराला धरून शब्द परत येऊ शकतात. "आईबरोबर स्पॅनिश गाणारं माझ्या ओळखीत तुमच्याशिवाय कुणी नाही," मुलगी म्हणाली. "मला येत नाही. तिनं शिकवायचा प्रयत्न केला होता, मीच पळायचे. याल का? उपकार होतील."

उपकार.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी जायला लागले. केस विंचरायचे, वरचं बटण लावायचं, आता नवी मुलगी ते करत नसे म्हणून मी करायचे. मग समोर बसून हळूहळू गायचे. त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. कधीकधी सुरावर त्यांचा तो आवाज यायचा, पट्टी अगदी बरोबर, शब्द नाही. ट्रेवर डावा हात पालथा ठेवलेला. तो हलायचा नाही. मी मुद्दाम एखादा स गिळून बघितला, एखादा ट आणून बघितला. हात हलला नाही. मला चक्क बरं वाटलं. म्हटलं, चुका ओळखायचं गेलंय. म्हणजे कदाचित तेही गेलं असेल, आठ पंचेचाळीसचं. किती नीच विचार असतो हा, त्याला माप नाही. पण आला.

अशा सात-आठ खेपा झाल्या. मग त्या शुक्रवारी नव्या मुलीनं चहा आणून ठेवला. मी पेल्याला नळी लावून त्यांच्या तोंडाशी धरली. थोडा चहा कोपऱ्यातून ओघळला, कॉलरवर गेला. मी रुमाल घेतला आणि वर बघितलं, तर त्या घड्याळाकडे बघत होत्या. भिंतीवरच्या. मग माझ्याकडे. मग पुन्हा घड्याळाकडे.

काही गेलेलं नव्हतं. सगळं जसंच्या तसं तिथे होतं.

मी नळी खाली ठेवली. म्हटलं, आता सांगायचं. त्यांच्या भाषेत सांगायचं, तेवढा तरी मान ठेवायचा. मी स्पॅनिशमध्ये सुरुवात केली आणि मला कळलं की माझ्याकडे काय सामान आहे. सगळं गाण्यांतलं. मी तुला सोडून गेले. माझ्या हृदयावर ओझं आहे. तुझ्या डोळ्यांत बघवत नाही. मला क्षमा कर, क्षमा कर, क्षमा कर. माफीचे शब्द तर माझ्याकडे ढीगभर. त्या गाण्यांत सगळे एकमेकांची सारखी माफीच मागत असतात आणि पुढच्या कडव्यात नाचायला लागतात. 'बेल' कशी म्हणतात ते मला येत नव्हतं. 'मला कळलं होतं आणि तरी मी गेले' हे जुळवताना मी तीन गाण्यांचे तुकडे जोडले.

शेवटी नुसतं 'क्षमा' म्हटलं, "पेर्दोन."

त्यांचं नख ट्रेवर वाजलं. टक टक.

दोन महिन्यांत पहिल्यांदा. र चुकला असेल, मी जीभ जास्त थरथरवली असेल. पुन्हा म्हटलं, "पेर्दोन." टकटक. द जड झाला असेल, दातांना जीभ टेकवून हलका केला. "पेर्दोन." टकटक. शेवटचा ओ वाकला असेल. सरळ धरला. "पेर्दोन." टकटक.

पाचव्या वेळी तो शब्द बरोबर होता. मला माहीत आहे, बरोबर होता. काचेमागे बसून त्यांनी स्वतः बटणावरून बोट काढलं असतं इतका बरोबर.

टकटक. टकटक. टकटक.

तेवढ्यात दार उघडून त्यांची मुलगी आत आली. हातात धुतलेले गाऊन. दारातच थांबली, तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "आई टकटक करतेय? अहो, म्हणजे चुका ओळखतेय ती! शिकवणी सुरू झाली की तुमची!" गाऊन खुर्चीवर टाकून ती पलंगाशी आली, आईचा खांदा धरला. "सांगा ना, काय चुकवलंत तुम्ही?"

मी बाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मुलीकडे बघत होत्या. नख ट्रेवर वाजत होतं.

"उच्चार नाही चुकला," मी म्हटलं. माझ्या स्वतःच्या भाषेत, जिच्यात मला बेलही म्हणता येते आणि डायपरही. "बसा जरा. त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलंय."

"आता कशाला ते? झालं गेलं..."

"बसा."

ती बसली. मी आठ पंचेचाळीसपासून सुरुवात केली. चहा कुठून ओघळला. बेल किती लांब होती. गाऊन बदलला नाही, नॅपकीन टाकला. ट्रे उचलून ठेवला. जिन्यात सिस्टर भेटल्या. मी बाजू मांडली नाही, ऑडिशनचं मात्र सांगितलं, कारण त्याशिवाय ते नीट वाईट दिसत नव्हतं.

कधी थांबली ते मला कळलं नाही, पण टकटक थांबली होती. हात ट्रेवर पालथा पडला होता. माफ केलं असं मी म्हणत नाही. थांबली होती, एवढंच.

मुलीनं आईच्या खांद्यावरचा हात काढला नव्हता. मग तिनं आईची कॉलर चिमटीत धरली, चहाचा तो ताजा डाग बघितला आणि मान वर न करता विचारलं, "'उठवू नका' म्हणालात?"

"हो," मी म्हटलं.